घरी सांगायचं कसं? थोरल्या मुलाची धम्मदीक्षा आणि खंडोबाची तळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते पुरंदर तालुक्यातल्या माळी कुटुंबातले थोरले चिरंजीव, तिशीच्या आसपासचे, पुण्यात नोकरीला. काही वर्षं विहारात जातात, वाचतात, ध्यानाला बसतात, आणि गेल्या विजयादशमीला त्यांनी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घेऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. घरी कुणालाही ठाऊक नाही. घरात गौरी-गणपती, कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, वर्षाला जागरण-गोंधळ. धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघणं चालू आहे. ते विचारतात, "गणपतीला घरी जाईन तेव्हा सांगू, की बहिणीचं लग्न होईपर्यंत गप्प बसू? आणि सांगायचं तर कसं?"

आधी तारखेचं बोलते. गणपतीच्या आधी सांगा. गणपतीत नको, आणि बहिणीच्या लग्नानंतर तर मुळीच नको. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. आत्या आरतीचं ताट तुमच्या हातात देणार आणि तुम्ही मागे सरणार. त्या क्षणी तुम्ही काहीही बोललात तरी ऐकू येणार एकच, "पोरानं भर आरतीत आईबापाची मान खाली घातली." त्यामुळे श्रावणातला एखादा साधा शनिवार-रविवार धरा, शेतात फार काम नसेल असा. फोनवर नाही, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच. गावी जा, मुक्काम करा, आणि सांगून लगेच पळू नका. रात्री जेवणं झाल्यावर सांगितलंत तर सकाळचा चहा त्याच घरात घ्या. ती सकाळ अवघड जाईल, पण फार कामाची असते.

पहिल्यांदा बहिणीला सांगा. ऐन लग्नाच्या वेळी तुमच्या निर्णयाची झळ तिला लागू शकते, म्हणून तिचा हक्क पहिला. तिनं रडून-चिडून घेतलं तरी चालेल, पण पाहुण्यांसमोर तिला हे पहिल्यांदा कळता कामा नये. त्यानंतर आईवडिलांना, दोघांना एकत्र. आईला एकटीला गाठून "तू आप्पांना सांग" असं करणारे पुष्कळ मुलगे मी पाहिले. त्यात आई दोन्हीकडून भरडली जाते. नवरा म्हणतो तुला आधीपासून माहीत होतं, मुलगा म्हणतो तू माझी बाजू नीट मांडली नाहीस.

आता ते काय विचारतील ते ऐका. तुम्ही अनित्य, अनात्म, प्रतीत्यसमुत्पाद या बौद्ध तत्त्वांची तयारी करून जाल, आणि त्यातलं एक अक्षरही कुणी विचारणार नाही. पहिला प्रश्न हमखास, "कुणी मुलगी आहे का यामागे?" नसेल तर सरळ नाही म्हणा. असेल तर त्याच बैठकीत सांगा, कारण महिन्याभरानं ते बाहेर आलं की धम्माबद्दलचं तुमचं सगळं बोलणं खोटं ठरतं. दुसरा प्रश्न आईचा असतो, "आमच्यात काय कमी पडलं?" याला उत्तर देताना हिंदू धर्मात काय वाईट ते मोजायला बसू नका. तिनं धर्माबद्दल विचारलेलंच नाही. ती स्वतःबद्दल विचारते आहे. "तू काही कमी केलं नाहीस" हे आधी म्हणा, आणि मग तुम्हाला विहारात काय सापडलं ते सांगा. दारू सुटली असेल, राग आवरायला लागला असेल, रात्रीची झोप लागायला लागली असेल, जे खरं असेल ते. घरच्यांना दिसलेला बदल त्यांना पटतो.

तिसरा प्रश्न कधी उघड येतो, कधी कुजबुजत, आणि खरी गाठ तिथंच आहे. "म्हणजे तू त्यांच्यात गेलास का?" माळ्याच्या घरातला मुलगा बौद्ध झाला, हे गावाला धर्मांतर म्हणून ऐकूच येत नाही, जात बदलल्यासारखं ऐकू येतं. २०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाखांच्या आसपास बौद्ध होते, त्यातले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. त्यातले बहुतेक १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आणि त्यानंतर बाबासाहेबांच्या मागे गेलेल्या माणसांची मुलं-नातवंडं. गावात बौद्ध म्हणजे कोणती आळी, हे प्रत्येकाला माहीत असतं. तेव्हा हा विषय जातीचा नाहीच, असं नाटक करू नका. घरच्यांनाही ते नाटक कळतं.

इथं माझं मत स्पष्ट आहे, काहींना पटणार नाही. पहिल्याच रात्री वडिलांना जातीयवादी म्हणून मोकळं होऊ नका. पण त्या आळीबद्दल अपशब्द निघाला तर तो गिळूही नका. "आप्पा, मी ज्यांच्याबरोबर बसतो-जेवतो त्यांच्याबद्दल असं बोलू नका" हे एक वाक्य, आवाज न चढवता, पुरे. ते पुन्हा बोलले तर पुन्हा तेच वाक्य. तुम्ही ज्या माणसांत मनानं गेला आहात, त्यांची बेअब्रू ऐकून घेऊन घरात शांतता विकत घेतलीत, तर पुढे विहारात मान वर करून बसता येणार नाही. बाकी हा रस्ता एकाच जातीचा नाही, हे सांगायचं असेल तर २००७ सालचं उदाहरण आहे. त्या वर्षी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लक्ष्मण माने यांच्याबरोबर भटक्या-विमुक्तांतल्या हजारो लोकांनी दीक्षा घेतली.

मग वडील एक तडजोड पुढे करतील. बरेच वडील करतात, आणि ती प्रेमानं केलेली असते. "अरे, बुद्ध म्हणजे विष्णूचा नववा अवतारच की. तू त्याचं कर, आम्ही विठ्ठलाचं करतो, झालं." तुमची पाचवी प्रतिज्ञा नेमकी याच्या विरुद्ध आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. इथं मान डोलवू नका, नाहीतर तीच तडजोड ते सगळ्या भावकीला सांगतील आणि दोन वर्षांनी तुम्ही शब्द फिरवल्यासारखं होईल. पण त्या रात्री त्यावर वाद घालायचीही गरज नाही. "मी तसं मानत नाही आप्पा, पण तुम्ही आपलं मानून सांभाळून घेताय ते कळतंय मला" इतकंच.

हे झाले बोललेले प्रश्न. न बोललेल्यांसाठी घरून निघण्याआधी एक कागद घ्या आणि तुमच्या घरचं वर्ष त्यावर लिहून काढा. भाद्रपदात गणपती आणि गौरी, लगेच पितृपक्ष, मार्गशीर्षात चंपाषष्ठी, सोमवती अमावस्येला जेजुरी, बहिणीचं लग्न, कुणाचा दहावा. प्रत्येक प्रसंगात आजवर तुमच्या हातात नेमकं काय असायचं, ते लिहा. तिसऱ्या प्रतिज्ञेत गौरी-गणपतीचं नाव आहे, सहावीत श्राद्धपक्ष आणि पिंडदान आहे, म्हणजे भाद्रपदातच तुमची परीक्षा आहे. कुठं काय करणार आणि काय करणार नाही हे तुमचं तुम्हाला आधी ठरलेलं हवं. त्याच प्रतिज्ञा घेतलेल्यांत सणाच्या दिवशी घरी न जाणारेही आहेत आणि घरी जाऊन पूजेपुरते बाजूला बसणारेही आहेत. तुम्ही ज्या भन्तेंकडे किंवा ज्येष्ठ उपासकांकडे जाता त्यांच्याशी बोलून तुमची रेष ठरवा. घरच्यांना कडकपणा एकवेळ झेपतो, पण आज एक आणि उद्या दुसरं असं झालं की ते रोज नव्यानं आशा धरतात आणि रोज नव्यानं दुखावतात.

तळीचंच घ्या. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा झाला, ताम्हणात पान-सुपारी, खोबरं, भंडारा मांडला, की तळी उचलायला पाच जण लागतात. आप्पा, काका, दोन चुलतभाऊ आणि तुम्ही, असे तुमच्याकडे पाच असतील. उद्या तुम्ही उचलणार नाही म्हटलंत की वडिलांच्या डोळ्यापुढे खंडोबा रागावलेला येणार नाही, ताम्हणाची मोकळी राहिलेली एक बाजू येईल. त्यांना "देव नसतोच" हे ऐकवण्यात काही अर्थ नाही. "आप्पा, यंदा माझ्या जागी बापूकाकांच्या धाकट्याला घेऊ, मी त्याच्याशी बोललोय, आणि भरीत-रोडग्याला मी घरी असेन" हे ऐकवा. जागा कोण भरणार याचं उत्तर तुम्ही घेऊन गेलात, की अर्धं भांडण उरत नाही. प्रसाद म्हणून हातावर खोबरं ठेवलं तर मी म्हणेन खावं. आईनं हातावर ठेवलंय ते.

बहिणीच्या लग्नात भावाचा मान असतो तो कानपिळीचा, आणि काही घरांत होमाच्या वेळी तिच्या ओंजळीत लाह्या घालण्याचा. कानपिळी ही मेव्हण्याची गंमत आणि भावाचा रुबाब, त्यात देव कुठं आला? ती बिनदिक्कत करा. लाह्यांचं तुमच्या रेषेप्रमाणे ठरवा, पण बहिणीला महिनाभर आधी सांगा, मांडवात नाही. मुलाकडच्यांना सांगायचं का, असंही तुम्ही विचारलंय. सांगायचं. बोलणी पक्की होण्याआधी, तुमच्या वडिलांनी, सहज सुरात, की थोरल्यानं दीक्षा घेतलीय, बाकी घरचं सगळं आहे तसंच आहे. एवढ्यानं मोडणारं स्थळ असेल तर ते लग्नानंतर तुमच्या बहिणीला रोज टोमणे मारणारं स्थळ होतं. वडील सुरुवातीला हे मान्य करणार नाहीत, धरून ठेवा.

आणि मग मरणाचा प्रश्न. तो वडील पहिल्या दिवशी विचारत नाहीत. आठवड्यानं, पंधरा दिवसांनी, शेतावर दोघंच असताना, अंजिराच्या झाडाकडे बघत विचारतात. "मग मला पाणी कोण देणार?" मी आजवर ज्या घरांत बसले, तिथं मुलाच्या धर्मांतरानं बापाला खरी धास्ती याच एका गोष्टीची घेतलेली दिसली. थोरल्यानं अग्नी द्यायचा, राख सावडायची, दहाव्याला पिंड ठेवायचा, कावळा शिवेपर्यंत उभं राहायचं. हा सगळा हिशोब बापानं तुम्ही जन्मलात तेव्हापासून मनात मांडलेला असतो. याला "मेल्यावर काही नसतं" हे उत्तर क्रूर आहे, आणि "बघू तेव्हाचं तेव्हा" हे त्याहून वाईट.

तुम्ही देऊ शकाल असं उत्तर आहे. खांदा देणं, चितेला अग्नी देणं, राख सावडणं यात तुमची प्रतिज्ञा आड येते असं मला वाटत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक बौद्ध घरांतही दहनच करतात. पिंड तुम्ही ठेवणार नाही. तो धाकटा भाऊ किंवा चुलतभाऊ ठेवू शकतो, आणि ज्यांना मुलगा नाही त्यांच्या घरी पुतण्या-जावई हे करतच आले आहेत. तेव्हा सांगा, "अग्नी मीच देणार. दहाव्याला घाटावर मी उभा असेन. पिंड चुलतभावाच्या हातून होईल, मी त्याला विचारलंय. आणि नंतर मी माझ्या पद्धतीनं तुमच्या नावानं पुण्यानुमोदन करेन." आपल्या मरणाची नीट सोय लागलीय हे कळलेला बाप बऱ्याच गोष्टी सोडून द्यायला तयार होतो.

तुमच्या घराचा आणखी एक धागा आहे. माळ्याच्या घरात खंडोबाच्या टाकाशेजारी भिंतीवर जोतिबा-सावित्रीबाईंची तसबीर बहुतेक असतेच. खानवडी, जिथं फुल्यांचं घराणं राहिलं, ती तुमच्याच पुरंदर तालुक्यात. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी भटजीवाचून लग्नं लावायला सुरुवात केली. त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ मध्ये छापल्या गेलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी एका घराची कल्पना मांडली आहे. त्या घरातल्या बाईला बुद्धाचा धर्म पटला तर तिनं तो घ्यावा, नवऱ्याला बायबल वाचून ख्रिस्ती व्हावंसं वाटलं तर त्यानं व्हावं, मुलीनं कुराण वाचून महंमदी व्हावं, मुलानं सत्यधर्मी व्हावं, आणि सगळ्यांनी एकमेकांचा द्वेष न करता एका घरात प्रेमानं नांदावं. सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका माळ्यानं हे लिहून ठेवलं! मात्र हे हत्यार म्हणून वापरू नका. "तुमचेच जोतिबा काय म्हणाले बघा" अशा सुरात काढलंत तर वडील तसबीर उतरवून ठेवतील. महिना-दोन महिन्यांनी, राग निवळल्यावर, पुस्तक घरात ठेवून या.

"घाईत, कुणाच्या तरी नादानं घेतलीस" हा आरोपही येईल. तुम्ही किती वर्षं विचार केला ते सांगा. हवं तर हेही सांगा की येवल्याला बाबासाहेबांनी "हिंदू म्हणून मरणार नाही" म्हटलं ते १९३५ मध्ये, आणि दीक्षा घेतली १९५६ मध्ये. मध्ये एकवीस वर्षं गेली.

एकाच घरात दोन धर्म कसे नांदतात, याचं एक उदाहरण दुसऱ्या धर्माचं देते, कारण ते मराठी घरांना ओळखीचं आहे. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या. पुढे काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आल्यावरही बाईंनी लगेच धर्म बदलला नाही, आपलं सोवळं-ओवळं वेगळं ठेवून त्या नवऱ्याच्या घरात राहिल्या. १९०० मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या, ते त्यांच्या त्यांना वाटलं तेव्हा. मला यातलं शेवटचं वर्ष फारसं महत्त्वाचं वाटत नाही. एकाच घरात दोन धर्मांची चूल चालली होती, तो मधला काळ महत्त्वाचा वाटतो. आई पुण्याला तुमच्या फ्लॅटवर राहायला येईल तेव्हा तिनं सोबत आणलेला देव एखाद्या कोनाड्यात ठेवू द्या. तिची पूजा ती करेल.

भावकीतले काका दोन भीती घालतील. एक, "हिस्सा जाईल." जात नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ हा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे, त्यामुळे तुमचा वाटा होता तसाच राहतो. (ख्रिस्ती किंवा मुस्लिम होणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. ज्यानं धर्म बदलला त्याचा वडिलांकडून येणारा वारसा केवळ त्यामुळे तुटत नाही, पण त्यानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांचा वारसा मिळण्यात कलम २६ आड येतं. आणि अनुसूचित जातीतल्या माणसाचं आरक्षण बौद्ध झाल्यावर केंद्रातही १९९० पासून टिकतं, ख्रिस्ती-मुस्लिम झाल्यावर टिकत नाही. अशांनी आधी वकिलाकडे जावं.) दुसरी भीती, "समाज वाळीत टाकेल." महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. कुणाला वाळीत टाकणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे वडिलांना धीर म्हणून सांगा. काकांना पोलिसांची धमकी म्हणून सांगितलंत की भावकी एक होते.

सांगितल्यावर काय घडेल याचा अंदाज देते. आरडाओरडा फारसा होत नाही, अबोला होतो. वडील फोनवर येत नाहीत, आई दोन वाक्यं बोलून ठेवते. तुमचा रविवारचा फोन चुकवू नका, घरी पाठवत असाल ते पैसे थांबवू नका, आणि फेसबुकवर दीक्षेचे फोटो टाकू नका, निदान बहिणीची बोलणी चालू आहेत तोवर तरी. आजीला काही लपवू नका, तिला शेजारणीकडून कळेलच. "आजी, मी आता बुद्धाचं करतो" एवढं पुरे.

आईनं "माझं मेलेलं तोंड बघशील" अशी शपथ घातली तर ती बहुतेक वेळा हताशेपोटी असते, पण तसं गृहीत धरून निघून जाऊ नका. थांबा, तिच्याजवळ बसा, बहिणीला तिच्यासोबत झोपायला सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. पण त्या क्षणी "बरं, सोडतो सगळं" असं खोटं वचन देऊ नका. दोन महिन्यांनी ते उघडं पडतं आणि मग ती शपथ दुप्पट होऊन येते. आणि तुमच्या अंगावर कुणी हात टाकला किंवा खोलीत कोंडलं, तर बोलणी संपली, ११२ लावा आणि बाहेर पडा. तुमच्या प्रश्नावरून तसं घर वाटत नाही, पण वाचणाऱ्यांत एखाद्याचं असू शकतं.

राजपत्रात धर्मबदलाची नोंद करण्याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. ती घाई करू नका. गॅझेटची प्रत गावी पोस्टमननं आणून दिली आणि त्यातून घरी कळलं, अशीही घरं आहेत. शिवाय तुमच्याकडे ओबीसीचा दाखला आहे, कागदावर धर्म बदलल्यानं त्याच्या पडताळणीत काही अडचण येते का, हे आधी वकिलाला विचारा. तुम्ही परराज्यात बदलीवर जाणार असाल तर तेही बघा. गुजरात सरकारनं एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केलं की बौद्ध धर्म वेगळा मानला जाईल आणि हिंदू धर्मातून तिकडे जाण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी लागेल. सुरत-बडोद्यातल्या मराठी मंडळींनी हे ध्यानात ठेवावं. तुमचं काम पुण्यात आहे, तेव्हा आधी श्रावणातला शनिवार ठरवा, अर्ज नंतर भरा.